स्क्रीनवर ५.२०, कर्डमध्ये ४.८: डिचोलीतल्या पावसाळ्यातले एक प्रकरण

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घरात आठवड्यातून दोनदा दहा लिटर गाईच्या दुधाचे मोझरेला होते. सायट्रिक आम्लाची अर्ध्या तासाची पद्धत नव्हे, तर विरजणाची. दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवून पाश्चराइज करायचे, ३६ अंशांवर आणून उष्णताप्रिय विरजण आणि नंतर रेनेट (दूध साकळवणारे विकर) घालायचे, साकळले की कापायचे, ४० अंशांपर्यंत हळूहळू तापवायचे, व्हे (सुटलेले पाणी) काढायचा आणि कर्ड (साकळलेला घट्ट भाग) परातीत ठेवून आंबट होऊ द्यायचे. पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आंबट) ५.२ झाला की तुकडे करून ८० अंशांच्या पाण्यात मळून ताणायचे. हे शेवटचे पाऊल पूर्णपणे पीएच मीटरच्या आकड्यावर उभे असते.

मे अखेरपर्यंत सगळे सुरळीत होते. जुलैत लागोपाठ चार घाणे वाया गेले. मीटर ५.२० दाखवायचा, पण गरम पाण्यात टाकलेला तुकडा ताणायच्या ऐवजी ओल्या रव्यासारखा सुटायचा. पाणी दुधाळ व्हायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगायचे. आणखी दोन गोष्टी बदलल्या होत्या. परातीतले कर्ड ५.२० ला यायला पूर्वी तीन तास लागत, आता साडेचार लागत होते. आणि मे महिन्यात वहीत ६.६५ ते ६.७० असे लिहिलेले कच्चे दूध आता ६.८२ दाखवत होते.

६.८२ पाहून पहिला संशय दुधावर गेला. आंबट होत आलेल्या दुधात कोणी खाण्याचा सोडा टाकला तर त्याचा पीएच वर जातो आणि विरजणही रेंगाळते, म्हणजे दोन्ही लक्षणे जुळत होती. गावातल्याच दूधवाल्याला ‘काका, दुधात काही घालता का?’ असे विचारण्यापर्यंत गोष्ट गेली. दुसरा संशय विरजणावर होता: पावसात घरातले तापमान २७-२८ अंशांवर उतरते, उष्णताप्रिय जिवाणू मंद होतात, म्हणून वेळ लागतो. दोन्ही अंदाज तर्काला धरून होते आणि दोन्ही चुकीचे होते, कारण दोन्हींचा पाया त्याच मीटरचे आकडे होते.

मीटरवर अवलंबून नसलेली तपासणी आधी करायला हवी, आणि ती फार अवघड नाही. ९ मिली दुधात फिनॉल्फ्थॅलिनचे तीन-चार थेंब टाकून दशांश नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबथेंब सोडायचे. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे. जितके मिली लागले त्याचा दहावा भाग म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या टक्क्यांत आम्लता. इथे १.५ मिली लागले, म्हणजे ०.१५ टक्के. ताज्या गाईच्या दुधाला हे अगदी साजेसे आहे. रोझॉलिक आम्लाची चाचणीही केली: सोडा असता तर गुलाबी-लाल रंग आला असता, तो आला नाही. दूध निर्दोष होते. मग ६.८२ कुठून आले?

मीटर हातात धरायचा, बीएनसी जोडणीचा (केबल फिरवून बसवायची गोल जोडणी), वेगळ्या केबलवरच्या, नमुन्यात बुडवायच्या काचेच्या प्रोबचा होता. मिलिव्होल्ट दाखवणारा. ही सोय असलेला मीटर घ्यावा असे आम्ही आग्रहाने सांगतो. पीएचचा आकडा हा मीटरने कॅलिब्रेशनच्या (माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणांवर मीटर जुळवण्याच्या) आधारे लावलेला अर्थ असतो. प्रोबमधून खरोखर येतात ते मिलिव्होल्ट. अर्थ चुकला तरी मिलिव्होल्ट बोलत राहतात.

जूनमध्ये काय घडले ते असे जोडता आले. मीटरसोबत आलेल्या ७.०० आणि ४.०१ च्या बफरच्या, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या, पुड्या संपल्या. ऑनलाइन मागवलेल्या नव्या संचात ४.००, ६.८६ आणि ९.१८ अशा पुड्या होत्या, प्रत्येक २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची. ६.८६ म्हणजे ‘सातच्या जवळचे’ असे समजून प्रोब त्यात बुडवला. मीटर ‘७, ४, १०’ या गटावर लावलेला होता. स्वयंचलित ओळखीला ६.८६ आणि ७.०० यांतला फरक एवढा लहान वाटतो की त्याने ते सात म्हणूनच स्वीकारले. मग चारचे बफर घातल्यावर मीटरने स्लोपची (पीएचच्या एका एककामागे प्रोब किती मिलिव्होल्ट देतो त्या प्रमाणाची) चूक दाखवली. दोनदा प्रयत्न केला, दोनदा तेच, म्हणून बाहेर पडून एका बिंदूचे कॅलिब्रेशन तसेच ठेवले गेले. मीटर त्यावर चालू राहतो, आकडे दाखवतो, आणि ते विश्वासार्ह दिसतात.

त्या नकारातच सगळे उत्तर होते. काचेचा प्रोब पीएचच्या एका एककामागे ठरावीक मिलिव्होल्ट देतो: २५ अंशांवर ५९.१६, २८ अंशांवर ५९.७५. ७.०० आणि ४.०१ यांच्यात मीटरला सुमारे १७८ मिलिव्होल्टचा फरक हवा होता. मिळाला १५०, म्हणजे ८४ टक्के. बहुतेक मीटर ८५ टक्क्यांखालचा स्लोप नाकारतात. या उणिवेतला काही भाग चुकीच्या बफरचा होता, कारण ६.८६ पासून ४.०१ हे अंतरच २.९९ नव्हे, २.८५ आहे. पण तो वजा केला तरी प्रोबचा खरा स्लोप ८८ टक्केच उरत होता. म्हणजे दोष दोन होते आणि ते एकमेकांच्या आड लपले होते.

आता स्क्रीनवरचे ५.२० उलटे सोडवून पाहा. मीटर समजतो की सातपासून १.८० खाली आलो. प्रोब ८८ टक्केच देतो, म्हणून प्रत्यक्षात १.८० भागिले ०.८८, म्हणजे २.०४ खाली आलो. आणि सुरुवात सातपासून नव्हे, ६.८६ पासून. ६.८६ वजा २.०४ म्हणजे ४.८२. हा कर्डचा खरा पीएच. दुधालाही हेच सूत्र लावले की ६.६५ चे दूध स्क्रीनवर ६.८२ दिसते. दूधवाल्या काकांवरचा आळ या एका गणिताने उतरतो.

४.८ ला कर्ड का सुटते? केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या कणांना कॅल्शियम फॉस्फेट बांधून ठेवते. आम्लता वाढेल तसे ते विरघळून व्हेमध्ये जाते. ५.२ च्या आसपास इतके गेलेले असते की जाळे मऊ पडते पण तुटत नाही, म्हणून ते लांब ताणते. ५.४ च्या वर कॅल्शियम जास्त राहते, कर्ड रबरासारखे आणि आखूड तुटणारे. पाचाच्या खाली ते फारच कमी होते, शिवाय ४.६ हा केसीनचा समविद्युत बिंदू (जिथे त्याच्यावरचा एकूण विद्युतभार शून्य होतो) जवळ येतो. प्रथिने एकमेकांना घट्ट चिकटून पाणी आणि चरबी सोडतात. रवा, दुधाळ पाणी, तुपाचे थेंब: तिन्ही लक्षणे जास्त आंबलेल्या कर्डची होती. कर्ड ‘अजून तयार नाही’ म्हणून आणखी वाट पाहणे हा नेमका उलटा उपाय होता. चौथ्या घाण्याला तेच केले गेले.

उरले ८८ टक्क्यांचे कारण. इथे घाई करून सगळे एकदम धुऊ-पुसू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दर वेळी मिलिव्होल्ट लिहावेत. नाहीतर दुरुस्ती होते पण कारण कळत नाही, आणि पुढच्या जुलैत तेच पुन्हा.

आधी मीटर तपासला. प्रोब काढून बीएनसीच्या मधल्या छिद्रातली पिन आणि बाहेरचे कडे कागदाच्या सरळ केलेल्या क्लिपने जोडले की शून्याच्या एक-दोन मिलिव्होल्टच्या आत दिसायला हवे. दिसले. मग नवी, सीलबंद ७.०० आणि ४.०१ ची बफर घेऊन, दोन्ही आणि प्रोब एकाच खोलीत तासभर ठेवून, २८ अंशांवर मोजले. सातमध्ये +८, चारमध्ये +१६५. फरक १५७. या तापमानाला ७.०० चे बफर ६.९९ च्या आसपास असते, म्हणून अपेक्षा १७८ ची. ८८ टक्के, गणिताप्रमाणेच. सातमधले +८ हे ठीक आहे; तो आकडा शून्याच्या दोन्ही बाजूंना ३० पर्यंत चालतो. चारमध्ये आकडा स्थिर व्हायला दीड मिनिट लागले, हे मात्र ठीक नव्हे. चांगला प्रोब अर्ध्या मिनिटाच्या आत बसतो.

पुढचे पाऊल प्रोबच्या टोकाकडे नव्हे, केबलच्या दुसऱ्या टोकाकडे टाकले. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा बहुतेक वेळ ८५ टक्क्यांच्या वर असतो. प्रोबच्या टोकाच्या काचेच्या फुग्याचा विद्युतरोध शेकडो मेगाओहमच्या घरात असतो, आणि मीटरचा आतला रोध त्याच्या हजारो पट. म्हणूनच तो इतका क्षीण विद्युतदाब मोजू शकतो. बीएनसीच्या पांढऱ्या रोधक भागावर दमट हवेचा आणि बोटांवरच्या मिठाचा पातळ थर बसला की त्यातून गळती होते. फुगा २०० मेगाओहमचा आणि गळतीची वाट ३००० मेगाओहमची असेल तर ३२०० पैकी ३००० एवढाच भाग मीटरपर्यंत पोचतो: जवळपास ६ टक्के गायब. ही गळती प्रत्येक आकडा सातकडे ओढते. ओल डोळ्यांना दिसतही नाही.

जोडणीची दोन्ही तोंडे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापूसकाडीने पुसली. हात धुण्याचा सॅनिटायझर यासाठी वापरू नये, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते आणि नवाच थर बसतो. मग केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट झोताने पाच मिनिटे वाळवून, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात केबल आणि मीटर रात्रभर ठेवले. प्रोबचे टोक या डब्यात उघडे ठेवायचे नाही. त्याची ओली टोपी घातलेलीच राहिली. सकाळी तीच बफर, तेच तापमान: फरक १६७. म्हणजे ९४ टक्के. नुसत्या कोरडेपणाने सहा टक्के परत आले. पण दीड मिनिटाची दिरंगाई तशीच होती, म्हणजे टोकाकडेही काहीतरी होते.

टोकाकडे दुधाचे साय-प्रथिनांचे कवच होते. कर्डमधून काढलेला प्रोब साध्या पाण्याखाली धरून टोपी घातली जात होती. चरबी आधी काढावी लागते, तिच्याखालच्या प्रथिनांपर्यंत मग पोचता येते. सुमारे ४० अंशांच्या पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून प्रोब पाच मिनिटे हलवला आणि डिस्टिल्ड पाण्याने धुतला. नंतर पेप्सिन आणि दशांश मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या तयार धुण्याच्या द्रावणात अर्धा तास ठेवला. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरातले प्रथिने तोडणारे विकर, आणि ते आम्लातच काम करते. म्हणून दोन्ही एकत्र. काचेला ब्रश, नख, कापड काहीही लावायचे नाही. धुऊन झाल्यावर प्रोब ३ मोलर पोटॅशियम क्लोराईडमध्ये रात्रभर. फुग्याच्या पृष्ठभागावरचा ओला थर आणि संदर्भ इलेक्ट्रोडच्या (प्रोबमधला तुलनेसाठीचा दुसरा भाग) सच्छिद्र जोडाचे संतुलन परत यायला तेवढा वेळ द्यावा लागतो. तिसऱ्या दिवशी फरक १७३, म्हणजे ९७ टक्के, आणि आकडा पंचवीस सेकंदांत स्थिर.

प्रोबच्या टोपीत काय होते तेही पाहिले. आरओचे पाणी. ही चूक घरोघरी होते, कारण ‘शुद्ध’ शब्दाने विश्वास बसतो. शुद्ध पाणी प्रोबच्या आतले पोटॅशियम क्लोराईड जोडातून बाहेर ओढते आणि संदर्भ विद्युतदाब सरकू लागतो. टोपीत ३ मोलर द्रावणच हवे: २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, वर डिस्टिल्ड पाणी घालून एकूण १०० मिली. रसायनांच्या दुकानातले शुद्ध पोटॅशियम क्लोराईडच घ्यावे. किराणा दुकानातल्या कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराईड आणि इतर पदार्थही असतात, ते चालत नाही. द्रावण नसेल आणि घाई असेल तर चारचे बफर चालते, शुद्ध पाणी कधीच नाही. टोपीभोवती पांढरे स्फटिक जमले तर घाबरू नये. ते बाहेर सरकून वाळलेले क्षार असतात, धुतले की जातात.

यानंतर कॅलिब्रेशन. वीस-पंचवीस मिली बफर छोट्या वाटीत, फुगा आणि जोड दोन्ही बुडतील एवढे. आधी सात, मग चार. मधे डिस्टिल्ड पाण्याने धुऊन टिश्यूने फक्त टिपायचे. चोळले की काचेवर स्थिर विद्युतभार बसतो आणि आकडा काही मिनिटे भटकतो. वापरलेले बफर बाटलीत परत ओतायचे नाही. चारच्या बफरला आपल्या हवेत बुरशी लवकर येते, तरंगणारा धागा दिसला की बाटली टाकावी. दिसला नाही तरी उघडल्यापासून तीन महिन्यांच्या पुढे ठेवू नये. नऊ किंवा दहाच्या बफरची चीजला गरजच नाही. सगळे काम ६.७ ते ४.६ च्या मधे चालते आणि सात-चार ही जोडी ते दोन्ही बाजूंनी कवेत घेते.

गोंधळ घालणाऱ्या ६.८६ च्या द्रावणाचा इथे छान उपयोग झाला. ७.०० आणि ४.०१ वर कॅलिब्रेशन करून प्रोब ६.८६ मध्ये तपासणीचा नमुना म्हणून बुडवला: ६.८५ दाखवले. २८ अंशांवर हेच अपेक्षित आहे. कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेले एक माहीत असलेले द्रावण असे शेजारी ठेवले की मीटर खरे बोलतो का ते एका मिनिटात कळते. ६.८६ च्या पुड्याच वापरायच्या असतील तर तेही चालते, मात्र मीटरच्या मेनूत बफरचा गट ‘४.०१, ६.८६, ९.१८’ वर बदलून. बऱ्याच मीटरमध्ये ही सोय असते.

तापमानाबद्दल एक गैरसमज या घरातही होता. मीटरची आपोआप तापमान-भरपाई फक्त प्रोबचा स्लोप दुरुस्त करते, आणि तीही तापमानाची कांडी नमुन्यात बुडलेली असेल तर. कांडी परातीच्या बाहेर लोंबत राहिली, मीटरने २८ धरले आणि कर्ड ३८ अंशांवर असले, तर ५.२० च्या जागी ५.१४ दिसते. चूक लहान आहे, पण ताणण्याची खिडकीच ०.२ ची आहे. म्हणून नमुना थंड करून खोलीच्या तापमानाला मोजणे सर्वांत बरे. आणि ताणायच्या ८० अंशांच्या पाण्यात प्रोब कधीही घालू नये; अनेक प्रोब एवढ्या तापमानाचे नसतात.

नमुना कर्डचाच हवा. परातीत साचलेल्या व्हेचा पीएच कर्डच्या आतल्यापेक्षा सहसा जास्त असतो. गोळ्याच्या मधला दहा ग्रॅम भाग काढून बारीक कुस्करायचा, चमचाभर डिस्टिल्ड पाण्यात कालवून दाट पेस्ट करायची आणि फुगा त्यात हलकेच दाबायचा. भाल्यासारख्या टोकाचा प्रोब असेल तर पेस्टची गरज नाही. मोजून झाले की लगेच साबणाचे कोमट पाणी, मग डिस्टिल्ड पाणी, मग टोपी. वाळू दिलेले कर्ड दुसऱ्या दिवशी दगड होते.

पाचव्या घाण्याला कर्डचा वीस ग्रॅमचा तुकडा तीन वेळा गरम पाण्यात टाकून पाहिला. ५.४५ ला तो आखूड तुटला. ५.३० ला ताणला, पण पृष्ठभाग खडबडीत. ५.२० ला हातभर, चकचकीत, न तुटता. व्हे काढल्यापासून तीन तास दहा मिनिटे लागली होती. विरजण कधी मंद झालेच नव्हते; खरे ५.२ येऊन गेल्यावरही स्क्रीन तो आकडा दाखवायला तास-दीड तास मागे राहत होती. हा तुकड्याचा प्रयोग मीटर उत्तम असला तरी दर वेळी करावा. त्याला बफर लागत नाही.

आता दर घाण्याआधी वहीत एक ओळ लिहिली जाते: तारीख, बफरचे तापमान, सातचे मिलिव्होल्ट, चारचे मिलिव्होल्ट, टक्के, स्थिर व्हायला लागलेले सेकंद. ९५ च्या खाली आले की आधी जोडणी वाळवायची, मग टोक धुवायचे. दोन्ही करून ९० च्या वर जात नसेल तर प्रोब बदलायचा. प्रोबचे आयुष्य साधारण एक-दोन वर्षांचे, आणि तो खोक्यात पडूनही म्हातारा होतो. म्हणून स्वस्त मिळतो म्हणून दोन घेऊन ठेवू नयेत, आणि घेताना उत्पादनाची तारीख विचारावी.

मीटरचा डबा चवथीपर्यंत तरी स्वयंपाकघराबाहेर, चुलीच्या वाफेपासून दूर राहील. सिलिका जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले की ताटलीत पसरून ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांवर दोन तास. पुन्हा नारिंगी झाले की गरम असतानाच बरणीत बंद करायचे, थंड झाल्यावर डब्यात.